लेकरे आमची, मग निर्णय कुणाचा?

साथींनो,

या पानांवर आपण पगार, पदोन्नती, बदल्या, रिक्त जागा आणि पेन्शन यांवर लिहितो, वाचतो, भांडतो. आज जरा वेगळा विषय घेतो आहे. काही जण म्हणतील, हा डॉक्टरांचा विषय, युनियनच्या पत्रात कशाला? शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

मुलांच्या आरोग्यावर जे संशोधन चालते त्यात मुलांच्या आई-बापांना, वस्तीला, गावाला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, असा हा प्रश्न आहे.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेरच्या एका जंक्शनवर गेली. रेल्वे वसाहतीत मराठी घरे पंधरा-वीस. एकदा मुलांच्या शाळेत एक पथक आले. आदल्या दिवशी मुलांच्या हाती एकेक कागद दिला होता, 'आई-वडिलांची सही घेऊन या' म्हणून. कागद सगळा इंग्रजीत. मी लाइनवर होतो. बायकोने सही केली, कारण शाळेतल्या बाईंनी सांगितले होते आणि शेजारणीनेही केली होती. दुसऱ्या दिवशी मुलांची उंची मोजली, वजन घेतले, बोटाला सुई टोचून रक्त घेतले, वहीत आकडे लिहिले आणि पथक निघून गेले. परत कुणी फिरकले नाही.

पुढे दोन वर्षांनी मुलगी सारखी दमते म्हणून तिला दवाखान्यात नेले, तेव्हा रक्त फारच कमी निघाले. डॉक्टरांनी विचारले, "याआधी कधी तपासले होते का?" तपासले होते! तो आकडा त्या पथकाच्या वहीत होता. बापाला मात्र कुणी सांगितला नव्हता. आमच्या शाखेने चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की माहिती गोपनीय असते. माझ्याच मुलीच्या रक्ताचा आकडा माझ्यापासून गोपनीय!

मुलगी बरी झाली, आता तिला स्वतःची मुले आहेत. पण ती गोष्ट मनातून गेली नाही. त्या पथकातली माणसे वाईट होती असे मी म्हणत नाही. आम्हाला विचारले पाहिजे, आम्हाला सांगितले पाहिजे, हे त्यांच्या डोक्यातच आले नाही. माझे भांडण त्याच्याशी आहे.

परिपत्रक आणि वाटाघाट

वाटाघाट कशाला म्हणतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रशासन म्हणते, "कर्मचाऱ्यांना विश्वासात घेतले आहे." बघायला जावे तर नोटीस बोर्डावर एक कागद लावलेला असतो. याला आपण सहभाग म्हणतो काय? पीएनएमच्या नाहीतर जेसीएमच्या टेबलावर विषय लागतो, आपला प्रतिनिधी बोलतो, प्रशासनाला उत्तर द्यावे लागते, इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढच्या बैठकीत मागच्या इतिवृत्ताचा हिशेब मागितला जातो. त्याला आपण सहभाग म्हणतो. तिथेही प्रत्येक वेळी न्याय मिळतो असे नाही. पण तिथे आपण माणूस म्हणून बसलेलो असतो, फाइल म्हणून नव्हे.

हीच मोजपट्टी मुलांच्या आरोग्य संशोधनाला लावून पाहा. आजकाल प्रत्येक प्रकल्पाच्या कागदावर 'लोकसहभाग' हा शब्द असतो. आपण त्यांना चार प्रश्न विचारावेत. कशावर संशोधन करायचे हे ठरवताना लोकांना विचारले काय? ते कसे होणार हे लोकांच्या भाषेत सांगितले काय? घरोघर फिरून काम करणाऱ्याला कामगार मानले काय? आणि जे हाती आले ते ज्यांच्या मुलांकडून मिळाले त्यांना परत दिले काय? चारही उत्तरे 'नाही' असतील तर तो लोकसहभाग नोटीस बोर्डावरचाच.

गडचिरोलीत काय घडले

लोकांना बरोबर घेऊन संशोधन होत नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला वडसा स्टेशनावर उतरवा आणि गडचिरोलीकडे जाणाऱ्या गाडीत बसवा.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे काम सुरू केले. खेड्यात लहान मुले कशाने मरतात हे पाहिल्यावर न्यूमोनिया, ज्याला विदर्भातल्या खेड्यांत 'डब्बा' म्हणतात, हे एक मोठे कारण निघाले. औषध महाग नव्हते. पण डॉक्टर कुठे होता? मग गावातल्याच माणसांना शिकवले. त्यांत आरोग्य कार्यकर्ते होते, तशाच पिढ्यान् पिढ्या बाळंतपणे करणाऱ्या सुईणीही होत्या. अंक न येणाऱ्या सुईणीने मुलाचे श्वास कसे मोजायचे? त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधे उपकरण तयार केले. मिनिटाची वाळू संपेपर्यंत मणी किती सरकले त्यावरून मुलाला औषध हवे की नको हे कळे. म्हणजे बाईला अंक येत नाहीत म्हणून तिला बाजूला काढले नाही. साधन तिच्या हाताजोगे केले.

त्या प्रयोगाचे आकडे १९९० साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काम झालेली गावे ५८ होती, तुलनेची ४४. पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर तुलनेच्या गावांत दर हजारी ४०.७ होता, काम झालेल्या गावांत २८.५ होता.

मग नवजात बाळांचा प्रश्न घेतला. १९९५-९६ मध्ये ७६३ बाळांची त्यांच्या घरी जाऊन नोंद ठेवली गेली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि ती मदत शंभरात तिघांनाही मिळाली नव्हती. हे कुणाला ठाऊक होते? सरकारी नोंदीत ही बाळे आजारी नव्हतीच. ज्याची नोंद नाही ते दुखणे नाही, हे आपण कामावरच्या अपघातांच्या बाबतीतही पाहिले आहे.

३९ गावांत गावच्याच थोडे शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे, जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि आई-बाप बाळाला दवाखान्यात न्यायला तयार नसतील तर घरीच इंजेक्शन देणे, एवढे सगळे त्या करू लागल्या. खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देते म्हटल्यावर शहरातल्या मोठ्या डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. तिसऱ्या वर्षी काय निघाले? तुलनेच्या ४७ गावांत नवजात मृत्युदर दर हजारी ५९.६, आरोग्यदूतांच्या गावांत २५.५. हे १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि जगाने वाचले.

तिथल्या दवाखान्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आदिवासींना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? त्यांनी मनातले सांगितले. ती मोठी इमारत, ते पांढरे कपडे, रुग्णाजवळ नातेवाइकांना न थांबू देणे, या सगळ्याची भीती वाटते. मग दवाखाना गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचा बांधला, नातेवाइकांना राहायला जागा ठेवली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. विचारले म्हणून कळले. न विचारता बांधला असता तर आणखी एक ओस इमारत उभी राहिली असती आणि 'आदिवासी अडाणी आहेत' असा शेरा कागदावर राहिला असता.

तिथे सगळे प्रश्न मिटले असे मी म्हणत नाही. तुलनेच्या ४७ गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांना सरकारी सेवा होती तेवढीच मिळाली. तुलना केल्याशिवाय कशाने फरक पडला हे सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण 'तुमचे गाव तुलनेत राहील' हा निर्णय गावाबरोबर बसून व्हावा, आणि उपाय लागू पडला की त्या गावांना तो आधी मिळावा. जिथे काम चांगले झाले तिथेही हा प्रश्न विचारला पाहिजे, म्हणून इथेच विचारतो.

त्याच गोदावरीच्या काठी

बल्लारशाहून दक्षिणेची गाडी काझीपेट, डोर्नकल, खम्मम करीत विजयवाड्याला जाते. आपले कित्येक साथी त्या लाइनवर राबले आहेत. गडचिरोलीच्या सिरोंच्याजवळून वाहणारी गोदावरीच पुढे भद्राचलमला जाते. जंगल तसलेच, गरिबी तसलीच. आता तिथली गोष्ट ऐका.

२००९च्या जुलैत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात (आज तो भाग तेलंगणात आहे) दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे १४,००० मुलींना आणि पुढे गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात सुमारे १०,००० मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. प्रकल्प 'पाथ' या अमेरिकी संस्थेचा, पैसा गेट्स फाउंडेशनचा. लस दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांनी फुकट दिलेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारे त्यात सामील. प्रकल्पाचे नाव 'प्रात्यक्षिक'. प्रयोग म्हटले की नियम लागतात, प्रात्यक्षिक म्हटले की सुटका होते!

मुली कुठल्या? बऱ्याचशा आदिवासी आणि गरीब घरांतल्या, त्यांतल्या कित्येक आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या. म्हणजे आई-बाप जवळ नाहीत. मग संमतीच्या कागदावर सही कुणी केली? संसदेच्या स्थायी समितीने २०१३च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या बहात्तराव्या अहवालात याचा हिशेब आहे. आंध्रातले ९,५४३ अर्ज पाहिले गेले. त्यांतल्या १,९४८ अर्जांवर अंगठे होते आणि २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. गुजरातमधल्या ६,२१७ अर्जांपैकी ३,९४४ अर्जांवर अंगठे होते.

अंगठा उठवणाऱ्या आईला मी कमी लेखत नाही. आपल्यातल्या किती जणांच्या बापांनी हजेरीपटावर अंगठेच उठवले! प्रश्न असा आहे की अंगठा घेण्याआधी तिच्या भाषेत तिला कुणी काय सांगितले. आणि वॉर्डनने दोन-दोन हजार पोरींच्या वतीने सही करायची, हा अधिकार त्याला कुणी दिला?

२०१० सालापर्यंत सात मुली मरण पावल्या, पाच आंध्रात आणि दोन गुजरातेत. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्या भद्राचलमला पोचल्या, बोभाटा झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. इथे मला जबाबदारीने लिहायचे आहे. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीला या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. साप चावणे, पाण्यात बुडणे, कीटकनाशक पोटात जाणे, ताप अशी कारणे नोंदली गेली. ही लस जगभर कोट्यवधी मुलींना दिली गेली आहे, ती कर्करोग टाळते, आणि आपल्या मुलींना ती मिळावी असेच माझे मत आहे. म्हणून 'लसीने मुली मारल्या' अशी आरोळी मी ठोकणार नाही.

पण म्हणून प्रकल्पवाले सुटले काय? मुळीच नाही. संमती नीट घेतली नव्हती. अपाय झाला तर त्याची नोंद घेण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती. संसदीय समितीने या साऱ्यावर कडक ताशेरे ओढले. आणि सर्वांत मोठे नुकसान कुणाचे झाले? लोकांचा विश्वास उडाला, लसीचे नाव बदनाम झाले आणि ती सरकारी कार्यक्रमातून सर्व मुलींना देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रखडला. त्या काळात आपल्या बायका-बहिणी या कर्करोगाने मरतच होत्या. लोकांना न विचारल्याने वेळ वाचतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

'लोकांना काय कळते?'

संशोधन करणाऱ्यांतला एक वर्ग म्हणतो, "हे शास्त्र आहे. मजुराला, गँगमनला, पोस्टमनला त्यातले काय कळणार? प्रत्येकाला समजावत बसलो तर काम कधी होणार?"

आम्हाला जीवाणू आणि विषाणू यांतला फरक कदाचित सांगता येणार नाही. पण पोराच्या अंगात काय टोचणार, कशासाठी, त्रास झाला तर रात्री दोन वाजता कुणाचे दार ठोठवायचे, नको म्हटले तर दवाखान्यातले उपचार बंद होणार का, हे प्रश्न आम्हाला कळतात. ज्याला या प्रश्नांची उत्तरे साध्या भाषेत देता येत नाहीत, त्याला आपलेच संशोधन कळलेले नाही असे मी म्हणेन. गाडी का थांबली हे प्रवाशाला सांगावेच लागते. 'सिग्नलचे शास्त्र तुम्हाला कळणार नाही' असे सांगून आपण सुटत नाही.

आणि लोकांना कळते म्हणजे किती कळते याचा पुरावा गडचिरोलीच्या सुईणीने मणी सरकवून दिलेला आहे. कुठल्या घरात बाळ जन्मले, कुठले आठव्या दिवशी गेले, कुठल्या बाईने ते कुणाला सांगितले नाही, हे बाहेरून जीपने आलेल्याला कधीच कळत नाही. ही माहिती गावाकडे असते. तिच्याशिवाय केलेले शास्त्र अर्धे असते.

आपल्यातलाही एक सूर

दुसरा सूर आपल्याच द्वारसभेत ऐकू येतो. "संशोधन म्हणजे गरिबांवर प्रयोग. आपली पोरे म्हणजे काय उंदीर आहेत? सरळ विरोध करा, कुणाला आत येऊ देऊ नका." टाळ्या पडतात. खम्ममची गोष्ट वाचल्यावर राग येणे साहजिक आहे. पण हा सूरही चूक आहे, आणि हे आपण आपल्याच माणसांना सांगितले पाहिजे.

आज बाळांना तोंडावाटे दिली जाणारी रोटाव्हायरसची लस घ्या. जुलाबाने मुले मरत, त्यावरचे हे औषध. त्यातला विषाणू १९८०च्या दशकात दिल्लीतल्या नवजात बाळांमध्ये सापडला. २०११ ते २०१३ या काळात दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचे वढू इथे ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात गंभीर रोटाव्हायरस जुलाबाचे प्रमाण तिने ५६ टक्क्यांनी कमी केले, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात येऊ लागली. त्या ६,७९९ घरांनी दार उघडले नसते तर आज आपल्या नातवंडांना ती मिळाली नसती. मोठ्यांच्या औषधाची गोळी अर्धी करून मुलाला देणे हे शास्त्र नव्हे. मुलांच्या औषधाची परीक्षा शेवटी मुलांमध्येच करावी लागते. ती गरिबांनी नाकारली तर गरिबांच्या आजारांवर औषध कोण शोधणार? श्रीमंतांची मुले जुलाबाने मरत नाहीत.

म्हणून आपली भूमिका 'नको' ही असू शकत नाही. आपली भूमिका 'आमच्या अटींवर' अशी असली पाहिजे. नव्या यंत्राबद्दल युनियनने हेच केले. यंत्र फोडून कामगाराचे भले झाले नाही. यंत्र कुणासाठी, कामाचे तास किती, नोकरीची हमी काय, यावर भांडून जे मिळायचे ते मिळाले.

राबणाऱ्या बाईचे काय?

गडचिरोलीचे संशोधन सरकारने स्वीकारले. २०११ पासून 'घरच्या घरी नवजात बालकाची काळजी' हा कार्यक्रम देशभर आशा कार्यकर्तीच्या हाती दिला. बाळ बेचाळीस दिवसांचे होईपर्यंत तिने सहा वेळा घरी जायचे, बाळंतपण घरी झाले असेल तर सात वेळा. उन्हात, पावसात, पायी. आणि या सगळ्याचा मोबदला त्या वेळी ठरला २५० रुपये. एका बाळामागे, बेचाळीस दिवसांचे!

त्याला पगार म्हणत नाहीत, 'प्रोत्साहन भत्ता' म्हणतात. ती कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. टपाल खात्यातल्या साथींना ही भाषा ओळखीची वाटेल. 'खात्याबाहेरचा कर्मचारी' म्हणून ज्यांना आयुष्यभर राबवले त्यांचे २००१ साली 'ग्रामीण डाक सेवक' असे नामकरण झाले, पण खात्याच्या नियमित कर्मचाऱ्याचे हक्क त्या नावाबरोबर आले नाहीत. खेड्यात टपाल पोचवणारा तो आणि बाळ वाचवणारी ती, दोघांच्या घामाची जात एकच.

२०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या अशी शिफारस केली. परिषदेत सरकार होते, मालक होते, आपणही होतो. शिफारस कागदावर राहिली. म्हणजे ज्ञान गावातल्या बायकांच्या कष्टातून आले, श्रेय संशोधकांना मिळाले, कार्यक्रम सरकारचा झाला आणि त्या बाईच्या हाती भत्ता पडला. हा लोकसहभाग नाही, ही फुकटची मजुरी आहे. आणि आज जे संशोधन अंगणवाडी सेविकेला, आशाला 'तुमचेच गाव आहे, थोडी माहिती गोळा करून द्या' म्हणून राबवते, तेही याच माळेतले आहे.

नियम आहेत, ते वाचा

आपल्या हाती काहीच नाही असे समजू नका. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यामुळे आणि संसदीय समितीच्या दणक्यामुळे नियम बदलावे लागले. आज 'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' लागू आहेत. औषध-चाचणीत अपाय झाला तर उपचार फुकट करून देणे आणि नुकसानभरपाई देणे प्रायोजकावर बंधनकारक आहे. चाचणीला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य हवेत, त्यांत एक सर्वसामान्य नागरिक हवा, एक स्त्री हवी, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत.

साधी तपासणी, सर्वेक्षण, रक्ताचे नमुने घेणे हेही संशोधनच, आणि त्यालाही एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मुलांवरील संशोधनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कागद आई-बापाला समजेल अशा भाषेत हवा. शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या समजेप्रमाणे सांगून त्याचाही होकार घ्यायचा, बारा वर्षांपुढे तो लेखी घ्यायचा. पोराने मान हलवून नको म्हटले तर त्यालाही किंमत आहे.

नियम चांगले आहेत. पण कामाच्या तासांचे नियमही चांगलेच होते ना? कागदावरचा नियम जागचा हलतो तो संघटनेने हलवला तर. त्या कमिटीतला 'सर्वसामान्य नागरिक' कोण असतो? बहुधा संस्थेच्या ओळखीतला कुणीतरी भला माणूस. तिथे ट्रॅकमनची बायको का नको? पोस्टमन का नको? त्याच्या इतके घरोघर कोण फिरते?

आपण काय करायचे

भाषणे पुष्कळ झाली. शाखांनी पुढील ठराव चर्चेला घ्यावा, असे माझे सुचवणे आहे.

१. रेल्वे-टपाल वसाहतीत, खात्याच्या दवाखान्यात किंवा आपली मुले शिकतात त्या शाळेत मुलांवर कोणतेही संशोधन होणार असेल तर आधी पालकांची सभा व्हावी. शाखेला त्याची लेखी सूचना मिळावी.

२. संमतीचा कागद आई-बाप वाचतात त्या भाषेत असावा. महाराष्ट्राबाहेरच्या जंक्शनवर मराठी घरे असतील तर मराठीत, तसेच मुंबई-नागपुरात तेलुगू, हिंदी, बंगाली घरे असतील तर त्यांच्या भाषेत. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर वाचून दाखवावा. मुख्याध्यापकाची किंवा वॉर्डनची सही ही पालकांची सही नव्हे.

३. प्रत्येक मुलाच्या तपासणीचा निकाल त्याच्या आई-बापाला मिळावा, आणि दोष निघाला तर उपचार कुठे मिळतील हे सांगावे. संशोधन संपल्यावर काय हाती आले हे वस्तीत येऊन सांगावे.

४. एथिक्स कमिट्यांतल्या सर्वसामान्य नागरिकाच्या जागेवर कामगार कुटुंबांतल्या, विशेषतः स्त्रियांच्या नावांचा आग्रह धरावा. त्यासाठी आपल्यातल्या चार जणींना तयार करणे हे शाखेचे काम.

५. संशोधनासाठी राबणाऱ्या आशा, अंगणवाडी सेविका आणि हंगामी माहिती-संकलकांना कामाचा रीतसर मोबदला मिळावा. त्यांच्या कामगार म्हणून मान्यतेच्या लढ्याला आपला पाठिंबा असावा.

६. आणि शेवटचे, आपल्यासाठी. योग्य रीतीने विचारून केलेल्या संशोधनाला आपण सहकार्य करू. अफवा पसरवणार नाही, पसरू देणार नाही. आपल्या पोराच्या बोटातल्या थेंबाने दुसऱ्याचे पोर वाचणार असेल तर तो थेंब आपण देऊ, पण कशासाठी घेता हे विचारून देऊ.

स्टेशनांच्या फलाटांवर आणि चालत्या गाडीत पोलिओचे थेंब पाजणाऱ्या पथकांना आपण जागा करून दिली, डब्यांतून वाट काढून दिली. जानेवारी २०११ नंतर या देशात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूने झालेल्या पोलिओचा रोगी सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये तसे प्रमाणपत्र मिळाले. त्यात आपला वाटा आहे. विश्वास असला की कामगार मागे राहत नाही, हे त्यातून दिसले. तो विश्वास आपल्याला विचारून, सांगून आणि हिशेब देऊन मिळवावा लागेल, हे संशोधकांनीही लक्षात ठेवावे.

माझ्या मुलीच्या रक्ताचा तो आकडा आजही कुठल्या तरी कपाटात असेल. तो मागायला मी आता जाणार नाही. पण तुमच्या वसाहतीत उद्या असे पथक येईल तेव्हा दारात उभे राहून एवढे विचारा, "हे कशासाठी, आणि आम्हाला कधी कळवणार?" उत्तर मिळाले तर चहा पाजा. मिळाले नाही तर शाखेचा दरवाजा उघडा आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कामगार